दूतावास म्हणजे 'आपली भूमी' नव्हे

१९ मार्च २०२३ ला लंडनच्या इंडिया हाउसच्या, म्हणजे तिथल्या भारतीय उच्चायोगाच्या (राष्ट्रकुल देशांतल्या दूतावासाच्या) इमारतीच्या, सज्जावरून तिरंगा ओढला गेला. तो व्हिडिओ पुन्हा फिरतोय, सोबत प्रश्न: 'ती भारताची भूमी, मग आपले जवान का नव्हते?'

ती भूमी ब्रिटनचीच. राजनैतिक संबंधांवरच्या १९६१ च्या व्हिएन्ना कराराचं कलम २२ सांगतं की दूतावासप्रमुखाच्या परवानगीशिवाय यजमान देशाचे पोलीसही आत शिरू शकत नाहीत. पण बाहेरून संरक्षण देणं ही यजमान देशाचीच खास जबाबदारी. म्हणूनच त्या रात्री दिल्लीत ब्रिटिश अधिकाऱ्याला बोलावून 'सुरक्षा कुठे होती?' असं खडसावलं गेलं. रास्तच होतं ते.

काबूलच्या भारतीय दूतावासात आयटीबीपीचे (भारत-तिबेट सीमा पोलीस दलाचे) जवान होते, हे खरं. पण तेही अफगाण सरकारच्या संमतीनं. तिथल्या २००८ च्या हल्ल्यात त्यांतले दोघे गेले.