साऊथ ऑस्ट्रेलियाचा अंधार चक्क्यांच्या माथी

तो मेसेज पुन्हा फिरतोय: ‘पवनचक्क्यांच्या नादी लागून साऊथ ऑस्ट्रेलिया हे आख्खं राज्य अंधारात गेलं. वारा वाढला, चक्क्या बंद पडल्या. कोळसा असता तर असं झालं नसतं.’

अंधार खरा आहे. २८ सप्टेंबर २०१६, दुपारचे ४ वाजून १८ मिनिटं, साडेआठ लाख ग्राहकांची वीज एकदम गेली. कारणं मात्र सोयीची निवडली आहेत.

‘वारा वाढला म्हणून चक्क्या बंद पडल्या.’ नाही. अतिवाऱ्याने थांबलेल्या चक्क्यांचा वाटा किरकोळ होता. वादळात २७५ किलोव्होल्टच्या लाइनींचे वीसहून अधिक मनोरे आडवे झाले (काही तर वीज गेल्यानंतर). तीन लाइनी गेल्या, फॉल्टमागून फॉल्ट झाले आणि दोन मिनिटांत व्होल्टेजने सहा गचके खाल्ले.

चक्क्यांचं चुकलं ते इथे. व्होल्टेज क्षणभर पडलं तरी ग्रीड (वीजवाहिन्यांचं जाळं) न सोडता तग धरायची, असं त्यांना शिकवलेलं असतं. पण त्यांच्या कंट्रोलमध्ये एक मोजणीही होती: ठरावीक वेळात इतके गचके बसले की माघार घ्यायची. काही चक्क्यांची मर्यादा दोनच होती. नऊ पवनप्रकल्पांनी मिळून सात सेकंदांच्या आत ४५६ मेगावॅटचा पुरवठा थांबवला. ग्रीड सांभाळणाऱ्या ऑस्ट्रेलियन एनर्जी मार्केट ऑपरेटरला ही मोजणी असते हेच माहीत नव्हतं! तूट भरायला शेजारच्या व्हिक्टोरियातून हेवूडच्या लाइनने वीज ओढली गेली, ती लाइन ओव्हरलोड होऊन ट्रिप झाली (आपोआप तुटली) आणि राज्य एकटं पडलं. ४५६ मेगावॅट टिकले असते तर हे टळलं असतं, असं ऑपरेटरचाच अहवाल म्हणतो. म्हणजे दोष होता, पण सेटिंगचा. ते नंतर बदललं.

‘कोळसा असता तर…’ यात थोडं तथ्य आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पोर्ट ऑगस्टाचं शेवटचं कोळसा केंद्र त्याच वर्षी मे महिन्यात बंद झालं होतं. पण महत्त्व कोळशाला नाही, त्या केंद्रातल्या अवजड फिरत्या रोटरला: वीज अचानक कमी पडली तरी तो आपल्या वेगाच्या जोरावर ग्रीडला काही क्षण सावरून धरतो. आपल्याकडे फीडरच्या शेवटच्या पोलावर मोटार सुरू केली की घरातला बल्ब मान टाकतो. जवळ भक्कम आधार नसला की असंच होतं. साऊथ ऑस्ट्रेलिया तर पूर्व ऑस्ट्रेलियाच्या लांबलचक ग्रीडचं शेपूट. एकटं पडल्यावर तिथली फ्रिक्वेन्सी (विजेची सेकंदाला होणारी आवर्तनं, मागणीला वीज कमी पडली की ती घटतात) सेकंदाला ६ हर्ट्झच्या वेगाने कोसळली. ठरावीक भाग आपोआप तोडून बाकीचं वाचवणारी यंत्रणा इतक्या वेगापुढे हतबल ठरली.

हा आधार कोळशाशिवायही देता येतो. तिथे २०२१ पर्यंत चार सिंक्रोनस कंडेन्सर बसवले. जनरेटरसारखीच फिरणारी, पण इंधन न जाळणारी यंत्रं ही. आज राज्याची वर्षभरातली बहुतांश वीज वारा आणि उन्हातूनच येते.

आणि मेसेजने गाळलेली एक गोष्ट. ग्रीड बसलं तर शून्यातून पुन्हा उभं करायला दोन पुरवठादारांना करार करून तयार ठेवलं होतं. त्या संध्याकाळी दोघांचंही काम फसलं, आणि शेवटी व्हिक्टोरियातून वीज आणून ग्रीड उठवावं लागलं. त्या दोघांकडेही पवनचक्क्या नव्हत्या, गॅस टर्बाइन होत्या.