कवटी नाही म्हणजे धोका नाही? साफ खोटं

'धोक्याच्या चिन्हांचं दडवलेलं सत्य' हा फॉरवर्ड मावशीने मला पाठवला आणि खाली विचारलं, "म्हणजे कवटी नसेल तर बाटली हाताळायला हरकत नाही ना?" हे वाचून गप्प बसवेना. त्यात तीन दावे आहेत: जीवघेण्या वस्तूवर कवटी असतेच, बाकी चिन्हं कायद्यापुरती; जैविक धोक्याच्या चिन्हात सैतानाचा ६६६ लपवलाय; आणि किरणोत्साराचं चिन्ह म्हणजे नुसता जहाजाचा पंखा.

मावशी, हरकत आहे! रसायनांच्या लेबलवरची कवटी एवढंच सांगते की हे पोटात, श्वासात किंवा कातडीतून गेलं तर थोड्या प्रमाणातही लगेच विषबाधा होईल. वर्षानुवर्षांनी होणारा घात ती सांगतच नाही. बेन्झीन या रसायनाने रक्ताचा कर्करोग होतो, आणि जगभर एकसारखी चिन्हं वापरायच्या पद्धतीच्या लेबलवर त्याला कवटी नसते. त्याच्यावर असते माणसाची काळी आकृती, छातीवर तडकलेली चांदणी. तीव्र आम्लावरही कवटी नसेल, हात आणि धातू खाणाऱ्या थेंबांचं चित्र असेल. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने यालाच 'कायद्यापुरतं' ठरवलं. याने कुणाचा तरी जीव जाईल.

६६६ची गोष्ट तर निव्वळ बाष्कळ. जैविक धोक्याचं ते चिन्ह १९६६ साली डाऊ केमिकल या अमेरिकी कंपनीत चार्ल्स बाल्डविन यांच्या गटाने तयार केलं. लोकांना बरीच चिन्हं दाखवली, आठवड्याने पुन्हा विचारलं, आणि सर्वांत लक्षात राहिलेलं पण कुणालाही अर्थ न लागलेलं चिन्ह निवडलं. १९६७ साली 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकात हे सगळं छापून आलंय.

पंख्याची कथा ऐकीव आहे. किरणोत्साराचं ते तीन पाकळ्यांचं चिन्ह १९४६ साली अमेरिकेतल्या बर्कलीच्या प्रयोगशाळेत काढलं गेलं. पण नुसतं बघून त्यातून किरणोत्सार कळत नाही, एवढं मान्य करावं लागेल. २००० साली थायलंडच्या समुत प्राकान प्रांतात भंगारात आलेलं, कोबाल्ट-६० हा किरणोत्सारी पदार्थ असलेलं यंत्र लोकांनी उघडलं, कापलं. चिन्ह होतं, पण त्यांना ते ओळखता आलं नाही. तिघे दगावले. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचा अहवाल कुणालाही वाचता येतो. म्हणून २००७ साली जादा चिन्ह आलं: लाल त्रिकोणात किरण, कवटी आणि पळणारा माणूस. ते यंत्राच्या आवरणाखाली लावतात, उघडू पाहणाऱ्याला दिसावं म्हणून. बाहेर मात्र तीन पाकळ्यांचंच चिन्ह असतं, आणि तिथे कवटी नसते.