‘काही सुचत नसेल तर एलएलबी टाका’: त्या फॉरवर्डमधलं एकेक वाक्य तपासून

टीवायच्या, म्हणजे पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या, परीक्षा जवळ आल्या की मुंबईतल्या कॉलेजांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, सांगणं तेच असतं: “ग्रॅज्युएशननंतर काही सुचत नसेल तर तीन वर्षांचं एलएलबी टाका. सीईटी नावापुरती, निगेटिव्ह मार्किंग नाही. कॉलेजला जावं लागत नाही, नोकरी किंवा एमकॉम सांभाळून होतं. फक्त मराठी मीडियमवाल्यांनी नादाला लागू नये, सगळं इंग्रजीत असतं. तीन वर्षांनी सनद हातात, नाहीतर सरळ जजची परीक्षा. आवडलं नाही तर सोडून द्या.”

यातल्या बऱ्याच वाक्यांत खऱ्याचा थोडा अंश आहे, म्हणून ते पटतं. आणि म्हणूनच दरवर्षी चांगली मुलं यात वर्ष घालवतात. तेव्हा एकेक वाक्य घेऊ.

“सीईटी नावापुरती, निगेटिव्ह मार्किंग नाही”

निगेटिव्ह मार्किंग नाही, हे खरं. राज्य सीईटी कक्षाची तीन वर्षांच्या एलएलबीसाठीची प्रवेशपरीक्षा, म्हणजे ही सीईटी, २०२५ पासून १२० प्रश्नांची आहे, वेळ १२० मिनिटं. इंग्रजी ४०, सामान्यज्ञान आणि चालू घडामोडी ३२, कायद्याचा कल २४, तर्क २४. गणित नाही; ते बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या सीईटीत आहे. पण चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, याचा अर्थ प्रत्येकजण सगळे प्रश्न सोडवून येतो. मग स्पर्धा उरते ती अचूकपणाची. चर्चगेटच्या शासकीय विधी महाविद्यालयासारख्या, १८५५ पासून चालू असलेल्या आणि फी कमी असलेल्या कॉलेजसाठी राज्यभरातून अर्ज येतात. तिथे दोन-चार गुणांनी गाडी चुकते.

गुण कुठे जातात, ते एका प्रश्नावरून पाहा. तत्त्व दिलेलं असतं: ‘दुकानात किंमत लावून वस्तू मांडणं हा प्रस्ताव नव्हे, ते प्रस्तावाचं निमंत्रण आहे. ग्राहक वस्तू मागतो तो प्रस्ताव. दुकानदाराने तो स्वीकारला की करार होतो.’ घटना: दादरच्या दुकानात ३,००० रुपयांच्या साडीवर चुकून ३०० ची चिठ्ठी लागली. ग्राहक साडी काउंटरवर घेऊन आली, दुकानदाराने ३०० ला द्यायला नकार दिला. करार झाला का? ‘चूक दुकानदाराची आहे, साडी द्यायलाच हवी’ हा पर्याय बहुतेकांना बरोबर वाटतो, कारण मनातला न्याय तसंच सांगतो. उत्तर मात्र दिलेल्या तत्त्वातूनच काढायचं असतं. दुकानदाराने प्रस्ताव स्वीकारलाच नाही, म्हणून करार नाही. ग्राहक संरक्षण कायद्यात काय म्हटलंय, हा इथे प्रश्नच नाही. वाचनाची ही सवय पंधरा दिवसांत लागत नाही. पदवीच्या दुसऱ्या वर्षापासून रोज दहा प्रश्न आणि एका अग्रलेखाचं काटेकोर वाचन एवढं धरलं तर लागते. चुकलेल्या प्रश्नांची वही ठेवा. उत्तरापुढे कारण लिहा: तत्त्व नीट वाचलं नाही, बाहेरची माहिती आणली, की वेळ संपली. महिन्याभरात आपली चूक एकाच प्रकारची आहे, हे बहुतेकांच्या लक्षात येतं.

आणखी एक. निगेटिव्ह नाही म्हणून अंदाजे ठोकायची सवय लागली की बाहेरच्या परीक्षांत ती नडते. बंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात तीन वर्षांचं एलएलबी आहे, त्याची एनएलसॅट ही प्रवेशपरीक्षा वेगळी. दिल्ली विद्यापीठात सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या प्रवेशपरीक्षेतून प्रवेश मिळतो. दोन्हीकडे चुकीच्या उत्तराला गुण वजा होतात. तिकडेही अर्ज भरणार असाल तर सराव दोन पद्धतींनी करा.

परीक्षेपेक्षा जास्त प्रवेश अडतात ते कागदांवर. सीईटीचा फॉर्म भरला म्हणजे प्रवेशाचा फॉर्म भरला, असं नाही. निकालानंतर कॅपची, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेची, नोंदणी वेगळी करावी लागते, कागद अपलोड करून तपासून घ्यावे लागतात, कॉलेजांचा पसंतीक्रम भरावा लागतो. हे न कळल्याने चांगले गुण असूनही घरी बसलेली मुलं दरवर्षी असतात. राखीव प्रवर्गातून अर्ज करणाऱ्यांसाठी सगळ्यात मोठा खड्डा जात पडताळणीचा. सायन्सच्या मुलांची व्हॅलिडिटी सहसा बारावीतच कॉलेजमार्फत निघते. आर्ट्स-कॉमर्सवाल्यांना तोवर तिची गरजच पडलेली नसते. मग पदवीनंतर धावपळ सुरू होते आणि जिल्हा समितीकडून प्रमाणपत्र यायला महिने लागतात. ही फाइल एसवायमध्येच टाका. नॉन-क्रीमीलेअरची मुदत तपासा. शाळा परराज्यात झाली असेल तर महाराष्ट्राच्या उमेदवारांच्या कुठल्या प्रकारात बसता, हे माहितीपुस्तिकेत पाहून अधिवास दाखला आधीच काढा. महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलवरच्या फी-सवलतीचा विचार असेल तर कॅपमधूनच प्रवेश घ्या. व्यवस्थापन कोट्यातल्या जागेला ती मिळेल असं धरून चालू नका.

पात्रता खुल्या प्रवर्गाला पदवीत ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के. शेवटच्या वर्षाची मुलं सीईटी देऊ शकतात, पण शेवटच्या सेमिस्टरला एटीकेटी, म्हणजे एखादा विषय, राहिली तर प्रवेश हातचा जातो. मुक्त विद्यापीठाची पदवी चालते का, हा प्रश्न नेहमी येतो. दहावी-बारावी रीतसर करून मग मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली असेल तर चालते. बारावी न करता थेट पूर्वतयारी परीक्षेवरून पदवीला बसलेल्यांना वकिली आणि कायद्याच्या शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाचे २००८ चे विधी शिक्षण नियम अपात्र ठरवतात.

“कॉलेजला जावं लागत नाही, नोकरी सांभाळून होतं”

सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होतं. बार कौन्सिलच्या त्याच २००८ च्या नियमांनुसार प्रत्येक विषयात ७० टक्के हजेरी लागते. खरं कारण असेल तर ६५ टक्क्यांपर्यंत सूट देण्याचा अधिकार कॉलेजला आहे, त्याखाली नाही. वर्ग सकाळी ८ ते संध्याकाळी ७ च्या दरम्यान, आठवड्याला किमान ३० तास. रात्रीचं लॉ कॉलेज ही जुन्या पिढीची आठवण आहे, आजच्या नियमांत ते बसत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये बार कौन्सिलने परिपत्रक काढून बायोमेट्रिक हजेरी आणि वर्गात कॅमेरे लावायला सांगितलं. नोकरीत असल्यास तसं जाहीर करून मालकाचं ना-हरकत पत्र देण्याची अटही घातली.

हजेरी कमी म्हणून परीक्षेपासून रोखू नका, असं दिल्ली उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये म्हटलं, ही बातमीही आता त्या फॉरवर्डला जोडून फिरते. त्या निकालाने हजेरीचा नियम काढून टाकलेला नाही. त्याच्या भरवशावर मुंबईतले वर्ग बुडवणं मूर्खपणाचं ठरेल.

नोकरीबद्दल एक गोष्ट कुणी सांगत नाही. पूर्णवेळ पगारी नोकरीत असताना वकिली करता येत नाही, असा बार कौन्सिलचा नियमच आहे. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, घेतल्यावर नोकरी धरली तर ती कळवून वकिली थांबवावी लागते. म्हणजे ‘नोकरीही चालू, कोर्टही चालू’ हा बेत तीन वर्षांनंतरही जमणार नाही. घरखर्चाला हातभार लावणं भाग असेल तर अर्धवेळ काम शोधा. सकाळच्या सत्राचं कॉलेज आणि दुपारनंतर शिकवण्या किंवा एखाद्या वकिलांच्या ऑफिसात टायपिंग-फाइलिंग, असं अनेकजण करतात. फोर्टमध्ये वकिलांची ऑफिसं दाटीवाटीने आहेत, आणि तिथलं काम शिकण्यातही मोडतं.

“एमए-एमकॉमसोबत होतं”

यूजीसीने २०२२ मध्ये एकाच वेळी दोन पदव्यांना वाट मोकळी केली, तेव्हापासून हे पसरलं. एलएलबीला मात्र बार कौन्सिलचा नियम लागतो आणि तो दुसऱ्या नियमित अभ्यासक्रमाला मनाई करतो. विद्यापीठाच्या दूरशिक्षण केंद्रातला अभ्यासक्रम आणि भाषा किंवा संगणकाचे छोटे अर्धवेळ कोर्स यांना त्यातून सूट आहे. दोन कॉलेजांत दोन हजेरीपट भरायचा विचार सोडा.

“मराठी मीडियमवाल्यांनी नादाला लागू नये”

हे वाचून किती मुलामुलींनी फॉर्मच भरला नसेल, याचं वाईट वाटतं. राज्याच्या सीईटीचा पेपर इंग्रजीबरोबर मराठीतही असतो. इंग्रजीचा विभाग अर्थात इंग्रजीतच, आणि तो सगळ्यात मोठा आहे. त्याची तयारी करावीच लागेल. उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालयाचं कामकाज घटनेच्या कलम ३४८ नुसार इंग्रजीत चालतं, हेही खरं.

पण खटला जिथे जन्मतो तिथले कागद बघा. प्राथमिक खबर, पंचनामा, साक्षीदारांचे जबाब, सातबारा, फेरफार, जुनं खरेदीखत, सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त. ही कागदपत्रं मराठीत असतात. राज्यातल्या तालुका-जिल्हा न्यायालयांत बरंचसं कामकाज मराठीत चालतं. पंचनाम्यात ‘सदर इसमाच्या अंगझडतीत’ काय मिळालं आणि ते पंचांसमक्ष सीलबंद केल्याचं लिहिलंय की नाही, हे एका नजरेत टिपणारा ज्युनिअर फौजदारी ऑफिसात सोन्यासारखा असतो. तोच पंचनामा उच्च न्यायालयात इंग्रजी भाषांतरासह जातो. भाषांतरात ‘समक्ष’ सुटलं तर मुद्दाच सुटतो.

इंग्रजीवर काम करायचा सरळ मार्ग असा: आठवड्याला उच्च न्यायालयाचा एक छोटा निकाल घ्या, दहा-बारा पानांचा. पहिल्या वाचनात फक्त घटनाक्रम मराठीत लिहा. दुसऱ्यात न्यायालयापुढचा प्रश्न एका वाक्यात मांडा. तिसऱ्यात उत्तर आणि त्याचं कारण असलेले परिच्छेद शोधा आणि ते तेवढे इंग्रजीत उतरवा. शब्दकोश बाजूला हवाच. पहिला निकाल वाचायला चार दिवस जातील, काही हरकत नाही. फाडफाड बोलणं याच्या कितीतरी नंतर येतं, आणि कोर्टात त्याची गरज लोकांना वाटते तेवढी नसते.

पुस्तकांबद्दल सावध राहा. हुतात्मा चौकाच्या आसपास फुटपाथवर जुनी कायद्याची पुस्तकं स्वस्तात मिळतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा या तिघांच्या जागी भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम आले. खुनाचं ३०२ आता १०३ झालं, फसवणुकीचं ४२० आता ३१८ च्या चौथ्या पोटकलमात गेलं. जुनं पुस्तक फेकू नका, कारण त्या तारखेआधीच्या गुन्ह्यांना जुनाच दंडविधान लागतो आणि बहुतेक निकाल जुन्या कलमांवरचे आहेत. पण सीईटीसाठी आणि पहिल्या वर्षासाठी नवा बेअर ॲक्ट, म्हणजे कायद्याचा नुसता मूळ मजकूर, घ्या. करार कायदा १८७२ चाच आहे, तो जुन्या प्रतीत वाचला तरी बहुतेक भागते.

“तीन वर्षांनी सनद हातात, नाहीतर सरळ जज”

पदवीनंतर महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते. ३० जुलै २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की नोंदणी फी ॲडव्होकेट्स ॲक्टमध्ये लिहिली आहे तेवढीच: ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना १२५. ‘सनदेला पंधरा-वीस हजार बाजूला ठेवा’ हा सल्ला जुना झाला. नोंदणी आधी तात्पुरती असते. ती पक्की व्हायला ऑल इंडिया बार परीक्षा पास व्हावी लागते: १०० प्रश्न, सोबत बेअर ॲक्ट नेता येतात पण त्यावर टिपणं चालत नाहीत. पास व्हायला ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना ४० टक्के. पुस्तक उघडं असतं म्हणून अभ्यास न करता जाणारे कलम शोधण्यातच वेळ घालवून नापास होतात.

‘सरळ जज’ हे तर आता पूर्ण चुकीचं आहे. २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, या पदासाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची केली. ती तात्पुरत्या नोंदणीपासून मोजली जाते. पदवीचा निकाल लागल्यावर नोंदणीला उशीर केलात, तर तेवढे महिने पुढे जातील.

आणि ही तीन वर्षं पैशाने तंगीची असतात. बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४ मध्ये शहरी भागात ज्युनिअरला महिना २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० द्यावेत अशी शिफारस केली. ती सक्ती नाही. घरी हा हिशोब प्रवेशाआधी मोकळेपणाने मांडा.

“आवडलं नाही तर सोडून द्या”

आवडेल की नाही, हे प्रवेशाआधीच बघता येतं, आणि त्याला पैसे लागत नाहीत. न्यायालयाचं कामकाज सहसा सगळ्यांना खुलं असतं. मात्र मे महिन्यात उन्हाळी सुट्टी असते, त्यामुळे परीक्षा संपल्यावर जाऊ म्हणाल तर नियमित बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, मिळणार नाही. दिवाळीनंतर ते मार्चपर्यंतचे दिवस धरा.

धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयापासून सुरुवात करा. पागडीच्या खोल्या, घरमालक-भाडेकरूंचे दावे, भाडे नियंत्रण कायदा: गिरगाव-लालबागच्या मुलांना विषय घरचाच असतो. मग फोर्टच्या किंवा दिंडोशीच्या सत्र न्यायालयात एखाद्या साक्षीदाराची उलटतपासणी ऐका. उच्च न्यायालय शेवटी. बीकेसीच्या कुटुंब न्यायालयात बरीच प्रकरणं बंद दाराआड चालतात, तिथे आत शिरू नका. सकाळी साडेदहाला पोचा, ओळखपत्र ठेवा, फोन बंद करा, पुढच्या खुर्च्या वकिलांसाठी सोडून मागे बसा. बोर्डावरचं एक मॅटर, म्हणजे प्रकरण, निवडा, त्याचा नंबर लिहून घ्या आणि ई-कोर्ट्सच्या साइटवर त्याच्या पुढच्या तारखा पाहत राहा. बहुतेक वेळा फक्त तारीख पडेल. तरीही पुढच्या तारखेला जावंसं वाटतं का, ते बघा, आणि मग सीईटीचा फॉर्म उघडा.