दळण जाड आलं

ऑफिसातल्या कॉफी मशीनने मला बिघडवलं. रोज 11 वाजता फुकटची एस्प्रेसो प्यायची सवय लागली आणि मग घरून काम सुरू झालं, घरात सकाळी चहा, दुपारी चहा, डोकं दुखलं तरी चहा. म्हटलं मशीनच घेऊ, मिक्सर घेतो तसं, त्यात काय एवढं.

पहिल्याच दिवशी कळलं की एस्प्रेसोला 9 बार प्रेशर लागतं. पण स्वस्तातल्या खोक्यांवर पण 15 बार, एकावर तर चक्क 20! मी 20 वालं घ्यायला निघालो (जास्त आहे ना, मग घ्या), तर कळलं की तो आकडा नुसत्या पंपाचा, कॉफीपाशी 9 च पाहिजेत, उरलेलं सोडून द्यायला चांगल्या मशीनमध्ये व्हॉल्व्ह असतो. म्हणजे कुकरच की हो, फक्त भाताऐवजी घोटभर कॉफी.

मग बॉयलर, म्हणजे आतली पाणी तापवायची टाकी. एक असेल तर कॉफी काढून झाल्यावर दुधाच्या वाफेसाठी थांबा, दोन असतील तर कर्ज काढा. मी वहीत तक्ते आखले. बायको म्हणाली, फ्लॅट एका रविवारात बुक केला होतास.

खरा घोळ पुढेच. 18 ग्रॅम पावडरीतून कपात 36 ग्रॅम कॉफी, 25-30 सेकंदात, हे जमायचं तर मशीनपेक्षा बिया दळायचा ग्राइंडर महत्त्वाचा आणि तो जवळपास मशीनच्याच किमतीचा! घरच्या मिक्सरवर एकसारखं होत नाही, जाड राहिलं की पाणी भसकन खाली आणि कॉफी आंबट, फार बारीक झालं की थेंब थेंब. हे मी बायकोला समजावतोय तर आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "दळण जाड आलं की भाकरी थापताना मोडते, तसंच ना?" तीन आठवडे मी जे व्हिडिओ बघत होतो ते हिने एका वाक्यात उरकलं.

आता अडलंय प्लगवर. मशीनला मोठा पॉइंट लागतो, ओट्यावर तसा एकच, तिथे घरघंटी. ती हलवू का विचारलं तर आई काही बोललीच नाही, नुसतं बघितलं.

उत्साहाच्या भरात आणलेल्या चिकमगळूरच्या बियांचं तिसरं पाकीट पण शिळं झालं. आईने त्या वाटीत काढून चपलांच्या कपाटात ठेवल्यात. वास मस्त जातो म्हणते, अजून आण.