"पोलीस पळाले" म्हणे! त्या २६/११ च्या फॉरवर्डबद्दल

घरच्या ग्रुपवर परवा तो फॉरवर्ड आला. दर नोव्हेंबरात येतो तोच, "२६/११ चं दडपलेलं सत्य", प्रत्येक ओळीपुढे लाल गोळा आणि शेवटी "खरे देशभक्त असाल तर पुढे पाठवा". एरवी मी न वाचता डिलीट करते. पण या वेळी तो आतेभावाने टाकला आणि त्या ग्रुपमध्ये काका आहेत. काका मुंबई पोलिसातून हवालदार म्हणून रिटायर झाले, २००८ ला नोकरीत होते. त्यांनी चष्मा लावून अख्खा मेसेज वाचला, फोन पालथा करून टीपॉयवर ठेवला आणि समोरचा चहा तसाच निवू दिला. म्हणून हे लिहितेय, नाहीतर मला पण कामं आहेत.

पहिला गोळा: "पोलीस बंदुका टाकून पळाले, लढले फक्त कमांडो."

हल्ला सुरू झाला रात्री साडेनऊच्या सुमारास. एनएसजीचे, म्हणजे केंद्राच्या दहशतवादविरोधी दलाचे कमांडो दिल्लीजवळच्या मानेसरहून निघून मुंबईत उतरेपर्यंत पहाट झालेली. मग रात्रभर तिथे कोण होतं, तुम्ही? सीएसटीला रेल्वे पोलिसांचे इन्स्पेक्टर शशांक शिंदे गेले. कामा हॉस्पिटलमध्ये पोलीस अधिकारी सदानंद दाते ग्रेनेडने जखमी होऊनही झुंजत राहिले. गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीत तुकाराम ओंबळ्यांच्या हातात काठी होती, फक्त काठी, आणि त्यांनी कसाबच्या एके-४७ ची नळी धरली ती गोळ्या लागल्या तरी सोडली नाही. म्हणून तो जिवंत सापडला, म्हणून सगळा कट पाकिस्तानपर्यंत कोर्टात मांडता आला. ओंबळ्यांना अशोकचक्र मिळालं, मरणोत्तर.

सीएसटीवर काही पोलीस आडोशाला गेले, त्यांनी गोळी झाडली नाही, हे त्या रात्री तिथे फोटो काढणाऱ्या पत्रकारानेच सांगितलंय, ते नाकारत नाही. पण हातात काय होतं ते पण बघा ना. थ्री नॉट थ्री, जुनी रायफल. काकांनी मला एकदा घरातली छत्री हातात घेऊन दाखवलं होतं, एक गोळी झाडली की बोल्ट वर उचलायचा, मागे ओढायचा, पुंगळी बाहेर पडते, परत पुढे ढकलायचा, खाली दाबायचा, मग दुसरी गोळी. समोरच्याच्या एका मॅगझिनमध्ये ३० गोळ्या, नुसता चाप दाबून धरायचा.

आणि हे मी मनाने सांगत नाहीये. राज्य सरकारनेच नेमलेल्या राम प्रधान समितीचा अहवाल आहे. राम प्रधान माजी केंद्रीय गृहसचिव, दुसरे सदस्य व्ही. बालचंद्रन, दोघंच जण. त्यात आहे की दारूगोळ्याच्या टंचाईमुळे क्विक रिस्पॉन्स टीमचा, म्हणजे अशा वेळी सगळ्यात आधी धावायच्या पोलीस तुकडीचा सुद्धा फायरिंगचा सराव थांबलेला. अशा हल्ल्यात कोणी काय करायचं याची ठरलेली पद्धत कागदावर होती, ती पाळली गेली नाही. आणि ठपका कोणावर, तर तेव्हाचे पोलीस आयुक्त हसन गफूर यांच्यावर, की समोर येऊन सूत्रं हातात घेतलेली दिसली नाहीत. हवालदारांवर नाही. नियोजन वरच्यांचं फसलं आणि शिव्या काठीवाल्याला, हा कुठला न्याय?

दुसरा गोळा, "कोळ्यांनी अतिरेक्यांना उतरवून घेतलं". याला तर पुरावा म्हणून एक ओळ नाही. अतिरेक्यांनी कुबेर ही मासेमारी बोट समुद्रात पळवली, तिचा तांडेल (बोट चालवणारा प्रमुख) मारला, मग रबरी बोटीतून बधवार पार्कच्या मच्छीमार वस्तीत उतरले. तिथल्या लोकांनी उलट त्यांना हटकलं, कोण तुम्ही म्हणून. पुढे.

तिसरा: "एकाही नेत्याचं काही बिघडलं नाही." इथे अर्धं खरं आहे, मान्य. केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील, राज्याचे गृहमंत्री आर. आर. पाटील, मुख्यमंत्री विलासराव देशमुख, तिघांचे राजीनामे आठवडाभरात झाले, म्हणजे "एकाही" खोटं. पण "मोठ्या शहरात असं छोटं-मोठं होतं" छाप बोलून गेलेले आर. आर. आबा २००९ च्या निवडणुकीनंतर परत त्याच गृहखात्यात बसले, एक वर्ष पण झालं नव्हतं नीट. त्याला राजीनामा म्हणायचं की रजा ते तुम्हीच ठरवा.

चौथा, "नंतर सरकारने शून्य काम केलं". शून्य नाही. एनआयए ही राष्ट्रीय तपास यंत्रणा झाली, मुंबईत एनएसजीचं केंद्र आलं, फोर्स वन ही राज्य पोलिसांची कमांडो तुकडी उभी राहिली. चिडायचंच तर यावर चिडा की सीसीटीव्हीचं टेंडर रखडत रखडत कॅमेरे शहरभर लागेपर्यंत २०१६ उजाडलं. आणि ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक रिकामी बोट लागली, आत तीन एके-४७. घातपाताचा संबंध नव्हता, वाहत आलेली होती, ठीक. पण वाहत किनाऱ्यापर्यंत आली ना? हा प्रश्न फॉरवर्डमध्ये कुठेच नाही, कारण तो विचारायला थोडं वाचावं लागतं.

आणि शेवटचा गोळा, ज्याने माझं डोकं खरंच फिरलं: "सरकारच्या भरवशावर राहू नका, आपापल्या भागात टोळ्या करा, अनोळखी दिसला की धरा." १ जुलै २०१८, धुळे जिल्हा, राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असा मेसेज फिरत होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची भिक्षा मागायला आलेली पाच माणसं, सोलापूरकडची, जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जिवे मारली. एकानेही कुठलं मूल पळवलं नव्हतं.

तर दादा, बाकीचे गोळे राहू देत हवे तर, ही शेवटची ओळ तेवढी काढ. आत्याच्या सोसायटीच्या ग्रुपवर पण टाकलायस तू हा मेसेज, आणि तिथला वॉचमन महिन्याभरापूर्वीच नवीन आलाय.