पुढचं किती मीटर दिसतंय?

डिसेंबर आला की उत्तरेतल्या एक्स्प्रेसवेवर धुक्यात एकमेकांत घुसलेल्या गाड्यांचे फोटो येतात आणि आपल्याकडे तोच वाद पुन्हा सुरू होतो. कुणी म्हणतं रस्ता रात्री बंदच ठेवा, कुणी म्हणतं फॉग लाइट सक्तीचे करा, कुणी सगळा दोष ट्रकवाल्यांवर टाकून मोकळं होतं. पावसाळ्यात खंडाळ्याच्या, आंबोलीच्या घाटात ढग उतरले की हेच सगळं मराठीत होतं. मी राहते त्या दक्षिण जर्मनीत, डॅन्यूबच्या खोऱ्यात, उल्मच्या आसपास शरद ऋतूत असंच दाट धुकं बसतं. इथून तो वाद वाचताना एक गोष्ट सतत खटकते: पुढचं नेमकं किती मीटर दिसतंय, हे त्यात कुणी विचारतच नाही.

यमुना एक्स्प्रेसवेचं बघा. तिथे गेली काही वर्षं १५ डिसेंबर ते १५ फेब्रुवारी वेगमर्यादा उतरवतात. कारला १०० ची ७५ होते, जड वाहनांना ८० ची ६०. काहीच नसण्यापेक्षा हे चांगलं. पण भर दुपारी लख्ख ऊन असताना ७५ आणि पहाटे चारला बॉनेटच्या पुढचं दिसत नसतानाही ७५, या नियमाने चालकाला काय कळणार?

जर्मनीचा कायदा तारीख बघत नाही. धुक्याने, पावसाने किंवा बर्फाने ५० मीटरपेक्षा कमी दिसत असेल तर ताशी ५० च्या वर जायचं नाही, ऑटोबानवर म्हणजे इथल्या द्रुतगती महामार्गावरसुद्धा नाही. साडेसात टनांच्या वरच्या गाडीने अशा वेळी ओव्हरटेक करायचं नाही. इथल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतात तो ठोकताळा लावला की यामागचं गणित कळतं. वेगाला १० ने भागा. त्याची तिप्पट म्हणजे पाय ब्रेकवर जाईपर्यंत कापलेलं अंतर, आणि त्याचा वर्ग म्हणजे ब्रेक लागल्यावरचं अंतर. ५० च्या वेगाला १५ अधिक २५, म्हणजे ४० मीटर. ७५ ला जवळपास ७९. १०० ला १३०. तेही कोरड्या रस्त्यावर. धुक्यात रस्ता ओलसर असतो आणि भरलेल्या ट्रकला याहून जास्त लागतं.

आता हे ५० मीटर मोजायचे कसे? ऑटोबानच्या कडेला रिफ्लेक्टर लावलेले पांढरे खांब दर ५० मीटरवर असतात. एका खांबाशी असताना पुढचा दिसेनासा झाला की चालकाला सांगायला पोलीस लागत नाही. आपल्याकडे असे खांब सलग सापडणं मुश्कील, म्हणून सेकंद मोजा. ताशी ५० ला गाडी सेकंदाला सुमारे १४ मीटर जाते. धुक्यातून जे झाड किंवा पाटी पहिल्यांदा दिसेल, तिथपासून तिच्याशी पोचेपर्यंत चार सेकंदही लागले नाहीत, तर ५० हा वेगही जास्त आहे. मोजताना नजर अधूनमधून काट्यावर हवी, कारण आजूबाजूचं काही दिसत नसलं की वेगाचा अंदाज चुकतो.

दिव्यांबाबत आपल्याकडे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. अप्पर लावला की धुक्याच्या थेंबांवरून उजेड परत डोळ्यांत येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते, डिपरच ठेवा. पिवळ्या बल्बवर पैसे घालवू नका. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या लहरींपेक्षा इतके मोठे असतात की पिवळा काय आणि पांढरा काय, सारखाच विखुरतो. फॉग लाइटचा उपयोग तो खाली बसवलेला असतो आणि त्याचा झोत आडवा, पसरट असतो म्हणून. ऑटो लाइटवर विसंबू नका. त्याचा सेन्सर उजेड मोजतो, धुकं नाही. दिवसा पुढचे डीआरएल (गाडी चालू असताना आपोआप लागणारे दिवसाचे दिवे) लागलेले दिसतात आणि मागचे दिवे बंदच राहतात. मागचा लाल फॉग लाइट असेल तर लावा, पण दाट धुक्यातच. तो इतका प्रखर असतो की एरवी मागच्याचे डोळे दिपवतो आणि तुमचा ब्रेक लाइट त्यात हरवतो. जर्मनीत त्यालाही तीच ५० मीटरची अट आहे.

आणि घाटात चारही इंडिकेटर लावून चालण्याची सवय सोडायलाच हवी. वळणार आहात की नाही ते मग कळत नाही, आणि मागच्याला चालती गाडी कुठली, बंद पडलेली कुठली हेही कळत नाही.

पावसाळी घाटात काच धुरकट झाली तर आधी एकदा वायपर फिरवा. साफ झाली तर दव बाहेर आहे, एसीचा गारवा कमी करा. नाही झाली तर आत आहे. एसी चालू ठेवून हवा काचेवर सोडा.

नियम असले म्हणजे सगळं टळतं असं नाही. १८ नोव्हेंबर २०११ ला जर्मनीतल्याच ए ३१ ऑटोबानवर धुक्यात ५२ गाड्या एकमेकांवर आदळल्या आणि तिघे गेले. शिवाय इथला ५० चा आकडा आपल्याकडे जसाच्या तसा चालणार नाही. तो इथे चालतो, कारण इथे पुढच्या गाडीला मागे दिवा असणार हे गृहीत धरता येतं. कृष्णा-पंचगंगेच्या काठी गळीत हंगाम आणि धुकं एकाच वेळी येतात. उसाच्या मोळ्या ट्रॉलीच्या बाहेर लोंबतात, मागचा दिवा असलाच तर त्यात झाकला जातो, आणि ओला ऊस उजेड परत फेकत नाही. समोरच्या कारचा दिवा ५० मीटरवर दिसत असेल तेव्हा ही ट्रॉली २० मीटरवरही दिसेलच असं नाही. २० मीटरचा हिशेब केला तर ताशी ३० च्या वर जाताच येत नाही: ९ अधिक ९, म्हणजे १८ मीटर.

म्हणून मागणी करायचीच तर दोन गोष्टींची करू या. घाटात आणि नदीकाठच्या रस्त्यांवर दर ५० मीटरला रिफ्लेक्टरचे खांब, मोडले की लगेच बदललेले. आणि कारखान्याच्या गेटमधून रिकामी ट्रॉली परत निघतानाच तिच्या मागे लाल रिफ्लेक्टिव्ह पट्टा आणि मोळ्यांच्या बाहेर टांगता येईल असा दिवा आहे का, याची तपासणी.