फोटोपुरतं वाचन

दरवर्षी तेच! १५ ऑक्टोबर जवळ आला, कलामांच्या जयंतीचा वाचन प्रेरणा दिन, की वरून निरोप: फोटो पाठवा, मुलांच्या हातात पुस्तक दिसलं पाहिजे. २०१५ पासून हेच चाललंय. फोटो झाला की पुस्तकं परत कपाटात आणि कपाटाला कुलूप. का, तर एखादं हरवलं-फाटलं तर भरून कोण देणार! अहो, फाटू द्या की. पोरांनी हाताळलं तरच फाटेल ना?

परवा तिसरीतली एक पोर ‘स्वच्छ’वर अडली. शब्दाखाली बोट धरून तीनदा चुकली, चौथ्यांदा जमलं. पान संपवून म्हणते, “बाई, घरी नेऊ?” काय सांगायचं तिला?

समग्र शिक्षा योजनेत सरकारी प्राथमिक शाळेच्या ग्रंथालयाला वर्षाला फार तर ५,००० रुपये. शिक्षणाला राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के द्या, असं कोठारी आयोगाने १९६६ सालीच सांगितलं होतं. अधिवेशनात आमदार आकडे वाचतात, बाकं वाजतात आणि वाचनासाठी नवी स्पर्धा, नवी प्रमाणपत्रं जाहीर होतात. पुन्हा फोटो. नकोत ती प्रमाणपत्रं! पुस्तकांना पैसे द्या, आणि एक हरवलं तर शिक्षकाच्या मागे लागणार नाही एवढं लेखी द्या. कपाट मी उद्याच उघडते.